दुधनेवरचे काळे तेल

उदगीरच्या माणसाला नदी सांगून समजत नाही. आमच्याकडे पाणी आडातून वर येते. दोर, पोहरा, रहाटाची कुरकुर आणि आडावरची भांडणे, एवढीच आमची पाण्याची ओळख. मी नदी पाहिली होती ती आगगाडीच्या खिडकीतून, पुलावरून जाताना, आणि पूल संपला की नदीही संपत असे. त्यामुळे यंदाच्या चैत्रात दुधनेकाठी राहून आलो तेव्हा जे पाहिले, ते आमच्या गावच्या मंडळींना लिहून सांगावेसे वाटले. पुष्कळ जण परभणीपलीकडे कधी गेलेले नाहीत.

जाण्याचे कारण साधे होते. हैदराबादेत वसतिगृहात माझ्या खोलीत माणिक नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा राहत असे. त्याची आई दर सुट्टीनंतर त्याच्याबरोबर येसराचे गाडगे पाठवी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ. उकळत्या पाण्यात टाकले की आमटी तयार. मेसचे वरण पातळ झाले की आम्ही दोघे त्या गाडग्यावर जगत असू. आमच्या घराण्यात बी.ए.पर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्या पदवीत माझ्या मास्तरांचा वाटा आहे, माझ्या आईवडिलांचा आहे, तसा त्या गाडग्याचाही आहे. त्या माउलीच्या पाया पडून यावे म्हणून मी निघालो.

सेलूहून पुढे

सेलूला माणिक बैलगाडी घेऊन आला होता. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही; देवगाव फाट्याकडे जाणारी एक मोटार कोळशाच्या धुरावर चालते म्हणे, पण त्या दिवशी ती चढावर बसली होती आणि उतारू तिला ढकलत होते. आमचे बैल तिच्या शेजारून शांतपणे निघून गेले. माणिक ओरडला, "काय मास्तर, बैल जुपू का मोटारीला?" मोटारीच्या मालकाने त्याला जे उत्तर दिले ते लिहिता येणार नाही.

सगळीकडे काळी जमीन. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या. आमच्या बालाघाटाच्या दगडी माळांची सवय असलेल्या डोळ्यांना ती जमीन इतकी सपाट वाटली की गावे लांबून जहाजांसारखी दिसत. जहाज मी पाहिलेले नाही. भूगोलाच्या पुस्तकातले चित्र आठवले एवढेच.

तांबुळखेड

माणिकच्या गावाचे नाव तांबुळखेड. त्याच्या आईला सारे गाव 'थोरली माय' म्हणते. मी पाया पडलो, तर म्हणाली, "अगं बाई, ह्यो तर निस्ता हाडाचा सापळा! मी येसर धाडायले अन् खायलं कोन?" मग ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, आणि येसराची आमटी. आमच्याकडे येसर लग्नाच्या पंक्तीपुरता. इथे तो रोजचा. आमची भाकरी जाड आणि लहान, इथली परातीएवढी आणि पापडासारखी. तिसरी भाकरी नको म्हणालो तर थोरली माय रागावली, म्हणून चौथीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांबरोबर पाण्याला निघालेली मुले आमच्या मागे लागली आणि मी नदी पाहिली.

चैत्रात दुधना वाहते म्हणण्यापेक्षा झिरपते. पात्रात पांढरी रेती, मधून पाण्याची एक बारीक धार. गावाच्या वरच्या अंगाला गाडीवाट नदी ओलांडते, त्याला उतार म्हणतात. उताराखाली एक उथळ डोह. त्याच्या तोंडाशी दोन खडक इतके जवळ आलेले आहेत की एक माणूस हात पसरून दोन्हीला शिवू शकेल. त्या खिंडीतून धार खाली पडते आणि खालचा मोठा डोह सुरू होतो. गावाचे सगळे पाणी तिथले.

पण डोहातले पाणी कोणी पीत नाही. काठच्या रेतीत बायका हातभर खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. रेतीतून गाळून पाणी आत जमते. नारळाच्या करवंटीने ते घागरीत भरायचे. असे निर्मळ आणि गार पाणी मी आमच्या आडाचेही प्यालो नाही. झिऱ्यांचा रिवाज ठरलेला आहे. सगळ्यांत वर पिण्याचे झिरे, त्याखाली महारवाड्याचे, त्याखाली धुणे, आणि शेवटी गुरे-मेंढरे. झिऱ्याच्या वरच्या बाजूला पाय धुतलेल्या माणसाला म्हाताऱ्या बायका नावानिशी शिव्या देतात. महारवाड्याचे पाणी खालचे, हे मात्र आमच्या गावासारखेच. त्या बाबतीत आड असो की नदी, आपण सारे एकाच गावचे.

धुण्याच्या जागेपलीकडे एका धनगराचे पाल होते. धनी मागच्या साली वारला. आता कळप त्याची बायको सांभाळते. तिला सखूमाय म्हणतात. तिच्या मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या होत्या, आणि पालाशेजारी चैत्रातल्या कातरणीच्या लोकरीची पोती रचलेली होती. घोंगड्या विणणारे सणगर ती न्यायला येणार होते. मी 'राम राम' केला तर म्हणाली, "उदगीरचे का? तिकडं मेंढरं पितेत काय? आडात उतरायलीत का?"

उतार

माणिक आणि मी धुण्याच्या जागेखाली डोहात पोहत असतानाच उताराकडून ओरडा ऐकू आला. "आख मोडला हो! आख मोडला!"

सेलूहून एक गाडी कापसाच्या जिनाच्या इंजिनासाठी काळ्या तेलाची पिंपे घेऊन पलीकडच्या गावी चालली होती. ऐन उतारावर गाडीच्या चाकांचा आख मोडला. पिंपे गडगडत खडकांवर आपटली आणि फुटली. आम्ही धावत गेलो तेव्हा बैल सोडून गाडीवान गुडघाभर पाण्यात उभा होता आणि फुटलेल्या पिंपाचे तोंड दोन्ही तळव्यांनी दाबून धरायला पाहत होता. तेल त्याच्या बोटांतून वाहत होते. वरच्या डोहावर काळी साय पसरत होती. कडेला ती मोराच्या मानेसारखी चमके.

तो परक्या गावचा. पळून गेला असता तर कोणाला सापडला नसता. पण माणिकला पाहताच म्हणाला, "मला चावडीवर न्या. माज्या हातानं झालंय, मीच सांगतो." त्या माणसाबद्दल मला तेव्हाच आदर वाटला.

थोरली माय आली, तिने पाणी पाहिले आणि पहिल्यांदा बायकांना हाक घातली, "जेवढी भांडी हायेत तेवढी भरून घ्या गं, खालच्या डोहाच्या झिऱ्यांचं! आत्ताच्या आत्ता!" मग मला म्हणाली, "लेकरा, हे तेल खालच्या डोहात गेलं ना, तर रेतीत उतरतंय. मग आखाडापतूर एक झिरा पिण्याजोगा राहणार न्हाई."

पाऊस यायला अजून पुष्कळ अवकाश होता. दुसरे पाणी म्हणजे दोन कोसांवरची बारव. माणसे कशीबशी घागरी वाहतील, पण सखूमायची कोकरे उन्हात दोन कोस चालणार नाहीत. ती काठावर उभी राहून काळ्या पाण्याकडे पाहत होती. कोणीतरी म्हणाले, "मागल्या साली बी एक पिंप सांडलं व्हतं. मासे उताणे झाले. कोन आलं इचारायला?" दुसरा म्हणाला, "जिनाची राख बी हितंच धुत्यात." तिसऱ्याने सुचवले, "खिंड मोकळी करा अन् जाऊ द्या खाली वाहून. आपल्या डोहातनं निघून गेलं की झालं."

"खाली कोन हाय?" थोरल्या मायने विचारले. खाली आणखी गावे आहेत आणि तिथेही झिरे आहेत.

पोलीस पाटलांनी एक घोडेस्वार सेलूला पाठवला. पाथरी तहसिलीचे, महसूल पाहणारे गिरदावर साहेब त्या दिवशी तिथे मुक्कामाला होते. तोवर माणसांनी कुदळी-फावडी आणली. सगळे गाव नदीत होते.

गाव रिकामे झाले

यानंतर जे झाले ते मी आमच्याकडेही पाहिले आहे, पण इतक्या झटपट नाही. दुपारी वाटेवर धूळ दिसली आणि तिच्यात चपराशाचा लाल पट्टा. बस्स. कुदळी रेतीत पडल्या आणि नदी रिकामी झाली. महारवाड्यातले पुरुष सगळ्यांत आधी गेले, कारण वेठीची पहिली हाक तिथेच जाते. मागे कोणा मोठ्या हाकिमाचा तळ पडला तेव्हा खाटा, तंबू आणि कोंबड्या वाहायला गावची माणसे धरून नेली होती. तेव्हापासून सरकारी पट्टा दिसला की पाय आपोआप निघतात. साहेबांना बोलावणे आपणच धाडले आहे, हे पळताना कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. पुरुषांत पाटील, गाडीवान, माणिक आणि मी एवढेच उभे राहिलो.

गिरदावर साहेब घोड्यावरून उतरले. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, अंगात शेरवानी. त्यांनी चारी बाजूंना पाहिले. "क्या पाटील, लोगां किधर गये? गाँव है के कबरस्तान?"

पाटील म्हणाले, "सरकार, खळ्यावर गेलेत... कामाला."

"हौ, हौ," साहेब म्हणाले. "मला पाहिलं की सगळ्यांचं काम निघतं." आणि हसले. रागावलेला सरकारी माणूस मी पुष्कळदा पाहिला आहे, हसलेला पहिल्यांदाच. त्यांनी शेरवानी उतरवून चपराशाच्या हातात दिली, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, पडलेले एक घमेले उचलले आणि खिंडीपाशी रेती टाकू लागले. आम्ही दोघे धावलो. चपराशाला काय करावे कळेना. शेरवानी सांभाळावी की साहेबांना.

थोरली माय तरातरा खळ्यावर गेली. कडब्याच्या गंजीसमोर तिने कमरेवर हात ठेवले आणि जो आवाज काढला तो नदीत ऐकू आला.

"निघा भाईर, उंदरांनो! सायेब पाण्यात हुबा हाय अन् तुमी कडब्यात! मिशा काढून द्या माज्या हातात, म्या लावते!"

गंजीतून आवाज आला, "वेठ हाय का, माय?"

"वेठ न्हाई रे मुडद्या, तुजंच पाणी हाय!"

एकेक डोके बाहेर आले. केसांत काड्या, अंगावर कूस. पुढे दिवसभर बायका त्यांना 'कडब्याचे पाटील' म्हणत होत्या.

खिंडीत

साहेबांनी खिंडीत रेतीचा बांध घालायला लावला. सगळे लागले तेव्हा तो पाहता पाहता उभा राहिला. धार थांबली, आणि आम्हाला वाटले, जिंकलो. पण पाणी अडले तसे वर चढू लागले, आणि तेल पाण्याच्या वरच तरंगणार. उन्हे कलता कलता ते बांधाच्या माथ्याला लागले आणि एका कोपऱ्यातून काळा ओघळ पलीकडे उतरला.

"मेरी गलती," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "पाणी जाऊ द्यायला पाहिजे होतं, तेल अडवायला पाहिजे होतं. मी दोन्ही अडवलं." असे म्हणायला जागा लागते मनात. आमच्याकडचे एक हाकीम आठवले, पण ते जाऊ द्या.

मग बांध खालून थोडा फोडला आणि पऱ्हाट्यांचे भारे बांधून खिंडीत आडवे तरंगत टाकले. त्याने पुष्कळ थांबले. पण काड्यांच्या फटींतून तेल ठिबकतच होते. घराघरांतून गोधड्यांच्या चिंध्या आल्या, त्या फटींत कोंबल्या. त्या पाणी पिऊन जड झाल्या आणि बुडाल्या.

एवढ्यात सखूमायचे एक कोकरू आईमागे धावताना वरच्या डोहाच्या काठाला घसरून पडले. तिने तंगडी धरून ओढून काढले तर ते कोळशासारखे काळे. "मर मेल्या! तुलाच राहिलं व्हतं व्हय न्हायचं!" असे म्हणत तिने त्याला हवेत झटकले. जवळ उभे असलेल्या सगळ्यांनी ते पाहिले. खाली पडले ते स्वच्छ पाण्याचे थेंब. तेल लोकरीतच राहिले.

माणिकने साहेबांकडे पाहिले, साहेबांनी पालाकडे पाहिले, आणि मग सगळ्यांनीच तिथल्या पोत्यांकडे पाहिले. ती लोकर म्हणजे त्या बाईचे वर्ष होते. पाटील पुढे झाले, "सखे, सरकारी काम हाय, पोती..." साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले. ओल्या पायजम्यानिशी ते तिच्यापाशी गेले.

"माय, हुकूम नाही. मागतो आहे. नको म्हणालीस तर नको."

सखूमाय कोकराचे तोंड पदराने पुसत होती. पुष्कळ वेळ पुसत राहिली. गाव तिच्याकडे पाहत होते. मला वाटले, ती नाही म्हणेल, आणि म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"लोकर काय, पुन्यांदा येती सायेब," ती शेवटी म्हणाली. "मेंढ्या हायेत तवर येती. मेंढ्याच गेल्या तर काय माजे केस कातरू? न्या." आणि पोते उचलायला धावलेल्या पोरांवर ओरडली, "पोतं फाडू नगा रे! पोतं उसनं आनलंय, ते परत करायचंय!"

भाऱ्यांच्या फटींत लोकर भरली. काळी झाली की काढायची, नवी भरायची. बायकांनी लोकरीचे मोठे पुंजके घेऊन डोहाची साय टिपायला सुरुवात केली, भांड्यावरची काजळी टिपावी तशी. गाडीवान सगळ्यांत खोल जागी उभा होता. त्याला कोणी ये म्हटले तरी बाहेर येईना. महारवाड्यातली, मराठ्यांची, धनगरांची माणसे एका ओळीत उभी राहून भारे हातोहात देत होती. असे एरवी त्या नदीत होत नाही, हे मला माणिकने सांगितले. नंतरही होईल की नाही ते मला माहीत नाही. मी पाहिले ते लिहितो आहे.

काळी झालेली लोकर नदीपासून लांब माळावर नेऊन जाळली. साहेब गेले नाहीत. थोरल्या मायच्या ओसरीवर जेवले. येसराची आमटी वाटीने पीत म्हणाले, "ही तर दवा आहे." दुसरा सगळा दिवस ते पुन्हा नदीत होते. संध्याकाळी त्यांनी चावडीवर जिनाच्या मालकाला बोलावून घेतले. गावाने वर्षभराची तक्रार त्याच्या तोंडावर सांगितली, राखेपासून मेलेल्या माशांपर्यंत, आणि साहेबांनी ती त्याला मधे बोलू न देता ऐकवली. सखूमायच्या लोकरीची भरपाई द्यायचे मालकाने सगळ्यांदेखत कबूल केले. ती मिळाली की नाही, हे लिहीपर्यंत मला कळलेले नाही. तेलाच्या गाड्यांनी यापुढे शेवटच्या झिऱ्याच्या खालून नदी ओलांडावी, अशी दवंडी मात्र त्याच संध्याकाळी पिटली.

खालचा डोह

माझ्या निघण्याच्या सकाळी वरच्या डोहावर अजून थोडी चमक होती, पण भाऱ्यांपलीकडे पाणी नितळ दिसत होते. दिसत होते, एवढेच. पहिल्या दिवशी रेतीच्या बांधावरून गेलेला ओघळ सगळ्यांच्या मनात होता. तो किती होता आणि कुठे मुरला? बायका रिकाम्या घागरी घेऊन काठावर थांबल्या होत्या. पाटलांनी विचारले, "सायेब, प्यावं का?"

साहेब म्हणाले, "मी गिरदावर आहे पाटील, पाण्याचा हकीम नाही. खोटं कशाला सांगू?"

तेव्हा सखूमाय म्हणाली, "मेंढरू तेलाच्या पाण्याला तोंड लावीत न्हाई. बगू या."

दोन दिवस कळपाला बारवेचे घागरीतून वाहून आणलेले पाणी मिळाले होते, ते अर्धेच. तिने पुढची मेंढी मोकळी केली. म्हातारी, एक शिंग मोडलेली. मेंढी रेतीवरून उतरली. पाण्यापाशी थांबली. मान खाली घातली, नाक पाण्याला लावले आणि वर केले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या मायने माझा दंड धरला होता, तो तिने घट्ट आवळला. गाडीवान खाली बसला. साहेबांचे ओठ हलत होते. मेंढीने दोन पावले बाजूला टाकली, पुन्हा वास घेतला. सखूमायने साधी 'हुर्र' अशी हाकही दिली नाही.

मग मेंढीने पुढचे दोन्ही पाय पाण्यात टाकले आणि तोंड बुडवले. तिच्या गळ्यातून एकामागून एक घोट उतरताना दिसत होते. मागे अडवलेला कळप ओरडू लागला. सगळे तिचे पिणे पाहत राहिले.

सखूमाय पाण्यात उतरली आणि त्या मेंढीच्या पाठीवर तिने एक चापट मारली.

"पुरे की गं बये. सर तिकडं. लेकरावालीला पिऊ दे आधी."